चांगल्या कामाचं बक्षीस : आणखी काम!

प्रत्येक विंगमध्ये असा एक प्राणी असतोच. त्याला पोस्टर बनवता येतं, स्पॉन्सरशी बोलता येतं, रेक्टरांकडून सही आणता येते, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री बंद पडलेला लॅपटॉपही चालू करता येतो. म्हणून सगळं त्याच्याकडे. त्याच विंगमध्ये दुसरा एक असतो, ज्याला 'काही जमत नाही' असं सगळ्यांचं एकमत असतं. तो निवांत. निवांत असतो म्हणून शिकत नाही, आणि शिकलेला नसतो म्हणून पुढचं कामही पहिल्याच्याच गळ्यात.

यात नवीन काय, असं तुम्ही म्हणाल. मलाही नव्हतं वाटलं. पण थर्ड इयरनंतरच्या इनप्लांट ट्रेनिंगमध्ये मी याच गोष्टीचं एक कोष्टक बनवलं आणि त्या कोष्टकाने एका सज्जन माणसाला सगळ्यांसमोर कामचुकार ठरवलं. चूक माझी होती. हा लेख त्या चुकीतून आलाय.

नाशिकच्या एमआयडीसीतला एक कारखाना. पत्र्याचे पार्ट बनवणारा. आत हायड्रॉलिक प्रेस, सीएनसी लेथ, कॉम्प्रेसर, आणि हे सगळं चालू ठेवणारं मेंटेनन्स डिपार्टमेंट. सहा फिटर आणि सातवी जागा रिकामी. मला तिथे टाकलं. सहाजणांत एक काका होते. सगळा कारखाना त्यांना काकाच म्हणायचा. प्रेसपाशी उभं राहून नुसत्या आवाजावरून 'पंप हवा ओढतोय' असं सांगणारे. मशीन बंद पडलं की शॉप फ्लोअरवरून एकच आरोळी : "काकांना बोलवा!"

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, काय मान आहे या माणसाला! दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की काकांचा डबा रोज तीन वाजता उघडतो. घरी गेल्यावरही फोन असतातच. रात्रपाळीचा पोरगा अडला की काका झोपेतून उठून 'तो डावीकडचा व्हॉल्व्ह बघ' सांगतात. आणि आणखी एक गोष्ट दिसली. आरोळी आली की काका आता हलत नसत. चहा सावकाश संपवायचे आणि म्हणायचे, "पडू दे बंद. आपल्या बापाचं काय जातंय?" जुने लोक सांगायचे, हा माणूस असा नव्हता. एकदा त्यांनी होजपाइपचं कपलिंग नीट न आवळताच प्रेस चालू करायला सांगितला आणि फ्लोअरभर तेल झालं. पहिल्या वर्षाच्या अॅप्रेंटिसने करावी अशी चूक. तेल पुसून झाल्यावर ते बाकावर बसले आणि मला म्हणाले, "पूर्वी फोन वाजला की वाटायचं, आपल्यावाचून अडलंय. बरं वाटायचं. आता वाजला की पोटात गोळा येतो रे."

याला शब्द आहे : बर्नआउट. कामाच्या संदर्भात तो रूढ केला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ च्या एका लेखात. तो स्वतः दिवसभराची प्रॅक्टिस संपवून मोफत दवाखान्यात काम करायचा, आणि तिथले जीव ओतून राबणारे स्वयंसेवक, स्वतःसकट, कसे रिकामे होत जातात हे त्याने लिहिलं. पुढे क्रिस्टीना मॅस्लाक यांनी हे मोजायची प्रश्नावली केली, ती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली. पण आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित घटना म्हणून. तिची तीन लक्षणं : अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात अंतर किंवा कडवटपणा येणं, आणि हातून काम नीट होत नाहीसं होणं. तीन वाजताचा डबा, 'बापाचं काय जातंय' आणि न आवळलेलं कपलिंग. काकांनी तिन्ही पेपर दिले होते.

तिसरं लक्षण आपल्याला कळतं, कारण त्याचा पुरावा फ्लोअरवर सांडतो. दुसऱ्याला आपण 'अॅटिट्यूड' म्हणतो आणि माणसाला दोष देऊन मोकळे होतो. इलेक्ट्रिकलवाल्यांना हे पटकन कळावं. मोटारीवर थोडा वेळ ओव्हरलोड आला तर ती लगेच जळत नाही, तापते. थंड व्हायला वेळ मिळाला तर पुन्हा ठीक. पण सतत तापलेली राहिली तर इन्सुलेशनचं आयुष्य झरझर कमी होतं. दर दहा अंश सेल्सिअसला निम्मं, हा आपला पाठ केलेला ठोकताळा. बाहेरून मोटार फिरताना छान दिसते. शेवटी एक दिवस वास येतो. मोटारीला निदान ओव्हरलोड रिले असतो, वेळेवर ट्रिप होतो. चांगल्या माणसाने आपला रिले स्वतःच बायपास केलेला असतो, कारण त्याला 'नाही' म्हणता येत नाही.

आता माझं कोष्टक. मेंटेनन्सच्या प्रमुख एक मॅडम होत्या. त्यांनी मला तीन महिन्यांच्या ब्रेकडाउन स्लिपा दिल्या, साडेपाचशेच्या आसपास, आणि म्हणाल्या, "कोणावर किती भार आहे ते काढ." मी खूश. एक्सेल उघडलं, नावावार स्लिपा मोजल्या, रंगीत बार चार्ट काढला. काकांच्या दोनशे दहा. दुसऱ्या नंबरवर एक तरुण फिटर, नव्वद. तिघे सत्तरच्या आसपास. आणि सगळ्यात खाली पंचेचाळिशीतले एक अबोल गृहस्थ : एकतीस! त्यांचा बार मी लाल केला. का केला, तर छान दिसत होता म्हणून. सोमवारच्या मीटिंगमध्ये तो चार्ट भिंतीवर झळकला. कोणी काही बोललं नाही, पण सगळे त्यांच्याकडे बघत होते. प्रॉडक्शनचे साहेब मात्र बोलले, "तीन महिन्यांत एकतीस? वा!"

दुपारी ते गृहस्थ माझ्यापाशी आले. चिडलेले नव्हते, ते परवडलं असतं. म्हणाले, "काय इंजिनीयरसाहेब, स्लिपा मोजल्या. स्पिंडल उघडून बघितलाय का कधी?"

नव्हता बघितला. त्यांच्याकडे लेथचे स्पिंडल यायचे. उघडा, बेअरिंग काढा, धुवा, नवीन बसवा, रनआउट तपासा, नसेल येत तर पुन्हा उघडा. एका स्लिपेला दीड-दोन दिवस. आणि नव्वदवाल्या तरुणाच्या स्लिपा म्हणजे सेन्सर हलला, लिमिट स्विच अडकला, त्यामानाने छोटी कामं. मी पुन्हा बसलो, प्रत्येक स्लिपेवरची सुरू आणि बंद वेळ घेऊन तास काढले. काका साडेपाचशे तासांच्या वर. स्पिंडलवाले गृहस्थ सव्वाचारशे, म्हणजे दुसरे! आणि नव्वदवाला एकशेवीस. तीन महिन्यांत एका माणसाचे कामाचे तास साधारण सहाशे धरा, म्हणजे कोण कुठे होतं ते कळेल.

दुसरा चार्ट घेऊन मी मॅडमकडे गेलो आणि हळूच म्हणालो, पहिला बदलून टाकूया का? त्या म्हणाल्या, "चूक सगळ्यांसमोर झाली ना? मग दुरुस्तीही सगळ्यांसमोर." पुढच्या सोमवारी उभं राहून सांगितलं. पाय लटपटत होते. व्हायवा बरी. ते गृहस्थ नुसते मान हलवून निघून गेले, आणि ट्रेनिंग संपेपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

म्हणजे भाराची न्याय्य वाटणी करायची तर आधी भार नीट मोजावा लागतो, आणि तो मोजायला सोपं एकक जवळजवळ नेहमीच खोटं बोलतं. स्लिपा, फाइली, पेशंट, ओळीभर कोड, लेक्चरं. तासही पूर्ण खरं सांगत नाहीत. काकांचे रात्रीचे फोन कुठल्या स्लिपेवर होते? नव्या पोरांना शिकवणं, स्टोअरमध्ये जाऊन सीलसाठी भांडणं, चुकीच्या ऑर्डरवर 'हे बसणार नाही' सांगणं, यातलं काहीच माझ्या दुसऱ्या चार्टमध्येही नव्हतं. ते कळायला एकच मार्ग सापडला : चार्ट त्या माणसांपुढे ठेवून विचारणं, "यात तुमचं काय राहिलं?" मी आधीच विचारलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आता थोडं गणित, घाबरू नका. काकांचे नुसते स्लिपेवरचे तासच उपलब्ध वेळेच्या नव्वद टक्क्यांवर होते. मॅनेजरला वाटतं, वा, नव्वद टक्के उपयोग, अजून दहा बाकी! इथेच घोटाळा आहे. रांगांचा अभ्यास सुरू केला कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या इंजिनीयरने. त्याचा पहिला लेख १९०९ चा. त्या शास्त्रातलं अगदी प्राथमिक मॉडेल घ्या : काम करणारा एक, कामं कधी येतील त्याचा नेम नाही, एकेकाला किती वेळ लागेल त्याचाही नाही. माणूस निम्मा वेळ व्यग्र असेल तर नवीन कामाला सरासरी एका कामाच्या वेळेइतकं थांबावं लागतं. ८० टक्के व्यग्र असेल तर चारपट. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट! ८० पासून ९५ पर्यंत माणसाने फक्त एकोणीसेक टक्के जास्त काम केलं, आणि रांग जवळजवळ पाचपट झाली. मेसमध्ये साडेआठला एकाच काउंटरवर पोळ्या मिळत असताना उभं राहिलेल्या कोणालाही हे सिद्ध करून दाखवायची गरज नाही.

माणसाच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. ती रांग त्याला दिसत असते. काकांना ठाऊक होतं की हा प्रेस संपला की तीन जण वाट बघतायत आणि तिघेही चिडलेत. काम कितीही केलं तरी रांग हलत नाही, याने माणूस जितका खचतो तितका कामाने खचत नसावा, असं माझं मत झालंय. आणि शेजारी दोन फिटर मोकळे उभे. कारण प्रॉडक्शनला 'काकाच पाहिजेत'!

मॅडमनी तीन गोष्टी केल्या. एक, शॉप फ्लोअरवरून नावाने आरोळी बंद. स्लिप सुपरवायझरकडे जाणार आणि माणूस तो ठरवणार. दोन, रात्रीच्या फोनची आठवडावार पाळी लावली, आणि ज्याला रात्री उठावं लागलं त्याने दुसऱ्या दिवशी उशिरा यायचं. तिसरी गोष्ट खरी अवघड. प्रेसचं काम दुसऱ्याने करायचं आणि काकांनी फक्त शेजारी उभं राहायचं. हात खिशात. हे काकांनाच सगळ्यात जड गेलं! पोरगा चुकीचा स्पॅनर लावतोय आणि आपण बघत बसायचं, म्हणजे सचिनला नॉन-स्ट्रायकर एंडला उभं करून समोर अकराव्या नंबरच्या बॅट्समनला अख्खी ओव्हर खेळताना बघायला लावणं.

आणि हे फुकट झालं नाही, तेही सांगायला हवं. पहिले दोन आठवडे प्रेस आधीपेक्षा जास्त वेळ बंद राहिले. प्रॉडक्शनचे साहेब रोज येऊन ओरडून जायचे. त्या दोन आठवड्यांत मॅडम डगमगल्या असत्या तर सगळं पुन्हा काकांच्या गळ्यात गेलं असतं, आणि बहुतेक ठिकाणी तसंच होत असणार. चौथ्या आठवड्यात नव्वदवाल्या तरुणाने एकट्याने प्रेसच्या सिलिंडरचं सील बदललं. वेळ दुप्पट लागला, पण गळलं नाही. त्याच महिन्यात काका भाचीच्या लग्नाला तीन दिवस गेले आणि फोन बंद ठेवला. परत आल्यावर म्हणाले, "कारखाना जागेवरच आहे की!" म्हणताना हसले, पण थोडं लागलंही असावं त्यांना.

सातवी जागा मात्र मी निघेपर्यंत रिकामीच होती. सात जणांचं काम सहा जणांत अगदी समान वाटलं, तरी ते सात जणांचंच असतं. न्याय्य वाटणीच्या नावाखाली हे झाकलं जातं. मॅडमनी माझा दुसरा चार्ट वर पाठवला तो त्या जागेसाठीच.

तासांबद्दलही थोडं. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टने आठवड्याला ४८ तास आणि दिवसाला ९ तास ही मर्यादा घातली, त्यावरच्या कामाला दुप्पट मजुरी ठरवली. कोणाला वाटेल, ही नुसती दया. पण स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅव्हल यांनी २०१४ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. तिथे बहुतेक बायका काम करायच्या आणि किती तासांत किती माल निघाला याचा हिशोब ठेवलेला होता. साधारण ४९ तासांपर्यंत तास वाढले की माल त्याच प्रमाणात वाढायचा. पुढे वाढ मंदावत जायची. आणि ७० तास राबून निघालेला माल ५६ तासांच्या मालापेक्षा फारसा वेगळा नव्हता! चौदा तास अक्षरशः पाण्यात. रविवारची सुट्टी रद्द केली तर आठवड्याचं उत्पादनही घटायचं.

हे वाचताना नारायण मेघाजी लोखंडे आठवले. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, त्यातली पहिली मागणी आठवड्याला एक दिवस सुट्टीची होती. ती मिळाली १० जून १८९० ला. त्यांच्याकडे ना रांगांचं शास्त्र होतं, ना पेनकॅव्हलचे आलेख. रविवारी दुपारपर्यंत झोपणाऱ्या हॉस्टेलाइट्सनी निदान हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

भार एकाने वाढला तर काय होतं, याचा मला सापडलेला सर्वांत बोचरा हिशोब कारखान्यातला नाही, हॉस्पिटलमधला आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्सकडे सरासरी एक पेशंट जास्त असेल, तर नर्सला बर्नआउट असण्याची शक्यता तिथल्या हिशोबाने २३ टक्क्यांनी जास्त होती. आणि ऑपरेशन झालेला पेशंट तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त. 'अजून एक बघा ना, एकच तर आहे' हे वाक्य आपण किती सहज म्हणतो! कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून नर्समागे पेशंट किती याची कमाल मर्यादा ठरवली. ती २००४ पासून लागू झाली. म्हणजे 'एकच तर आहे'ला कायद्याने दार लावून घेतलं.

सध्या कंपन्यांत बर्नआउटवर उपाय म्हणून योगासनांचं शिबिर आणि 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं लेक्चर ठेवतात. योगासनं चांगलीच आहेत, माझी आजी रोज करते. पण तापलेल्या मोटारीला ध्यानाला बसवून लोड कमी होत नाही. मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनी माणूस कशाने जळतो याच्या सहा जागा सांगितल्या आहेत : कामाचा भार, आपल्या कामावर आपला ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. भार त्यात एकच. स्पिंडलवाल्या गृहस्थांना सव्वाचारशे तासांनी कधी थकवलं नव्हतं. माझ्या लाल बारने त्यांना जे केलं, ते न्यायाच्या खात्यातलं होतं.

आता घरच्या गोष्टी. आपल्या लॅबमधले असिस्टंट तीन लॅब सांभाळतात, कारण दोन जागा भरलेल्या नाहीत. आपण सगळे त्यांच्याकडे सबमिशनच्या दिवशी पाच वाजायला पाच मिनिटं असताना जातो. जागा भरणं आपल्या हातात नाही, पण दोनशे जणांनी एकाच वेळी न जाणं आहे. आम्ही या टर्मला बॅचवार दिवस ठरवून कागद लावला. पहिल्याच आठवड्यात तो कोणीतरी फाडला, पुन्हा लावलाय. सरांनाही एक विनंती : प्रोजेक्ट ग्रुपमधल्या चौघांना सारखेच मार्क देताना लॉगबुक नुसतं चाळू नका, चौघांना समोर बसवून 'यात तुझं काय राहिलं?' हे विचारा. पंधरा मिनिटं लागतात.

आणि टेक फेस्ट. मागच्या वर्षी आमच्या विंगमधल्या त्या 'सगळं येणाऱ्या' प्राण्याने फेस्ट संपल्यावर चार दिवस खोलीचं दार उघडलं नाही आणि पुढच्या पेपरला बसलाच नाही. के.टी. त्याला लागली, सर्टिफिकेट आम्हा सगळ्यांना मिळालं. यंदा आम्ही भिंतीवर मोठा कागद लावलाय. काम, कोण करणार, किती तास, आणि सोबत शिकणारा कोण. पहिल्या दिवशी एकाने लिहिलं : 'पोस्टर – २ तास'. तो प्राणी उठला, काही न बोलता दोन खोडून सोळा लिहिले, आणि पेन 'काही जमत नाही'वाल्याच्या हातात देऊन झोपायला गेला.